उतारावरची माती धरून ठेवायला काथ्या, ताग, पेंढा: काय वापरावं आणि कसं?

रानवाट

नमस्कार मंडळी,

घरामागे भराव घालून तयार झालेला एक उघडा उतार आहे. उंची साधारण ४ मीटर, रुंदी १२ मीटर. बराचसा भाग उभं १ आणि आडवं २ अशा चढाचा आहे, एका कोपऱ्यात मात्र बराच उभा. गेल्या पावसाळ्यात सुरुवातीला बोटभर रुंदीचे ओघळ पडले आणि पाऊस संपेपर्यंत त्यातल्या काहींमध्ये पाऊल मावेल एवढी खोली झाली. वाहून आलेली माती खालच्या नालीत बसते आणि पाणी तुंबतं.

ज्याला विचारावं तो सिमेंट फासायला सांगतो. मला तो उतार जिवंत हवा आहे, गवत आणि झुडपांनी भरलेला. काथ्याची जाळी, तागाचं जाळीदार कापड, पेंढ्याच्या चटया वगैरे अंथरतात असं वाचलं. पण नेमकं काय कुठे चालतं, किती टिकतं, कुजून गेल्यावर पुढे काय, बी आधी टाकायचं की नंतर, हे कुठे नीट एकत्र सापडत नाही. ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा. घाई नाही, पुढच्या पावसाआधी काम व्हायला हवं एवढंच.

---

मातीकाम

चांगला विषय. जाळी कोणती यावर येण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. तुमच्याकडे माती *धुपतेय* की उतार *सरकतोय*?

धूप वरच्या कातडीची असते. पावसाचा ५ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर तो आदळला की मातीचे कण सुटे होऊन उडतात. सपाट जागेवर ते चारी बाजूंना सारखेच उडतात, उतारावर मात्र खालच्या बाजूला जास्त लांब जाऊन पडतात. शिवाय सुटलेले बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात, वर पापुद्रा धरतो, पाणी जिरायचं थांबतं आणि वरून वाहायला लागतं. आधी पातळ थर वाहतो, मग ते पाणी एकत्र होऊन ओघळ पाडतं, ओघळाची पुढे घळ होते. हे सगळं काथ्या-तागाने थांबतं. खरं म्हणजे त्यांचं काम थेंब आदळतो त्या पहिल्या पायरीलाच सुरू होतं.

सरकणं वेगळं. त्यात मातीचा अख्खा ठोकळा आतल्या एका पातळीवरून खाली येतो. माथ्याला कडेला समांतर भेगा, मधला भाग बसलेला, पायथ्याला फुगवटा, झाडं किंवा खांब एका बाजूला कललेले, पाऊस थांबल्यावरही मधूनच पाझरणारं पाणी: यातलं काही दिसत असेल तर वरून कितीही जाड जाळी घाला, ती मातीसकट खाली येईल. तिथे भू-तांत्रिक अभियंत्याला जागा दाखवण्याला पर्याय नाही. भराव नीट दाबून घातलेला नसेल तर हा धोका जास्त. पोकळ भरावात पाणी शिरलं की त्याचं वजन वाढतं आणि ताकद कमी होते, दोन्ही एकाच वेळी.

दुसरा प्रश्न: उताराच्या वर काय आहे? छपराचं, अंगणाचं, रस्त्याचं पाणी तिथून उतारावर येतं का? उतारावर पडणाऱ्या पावसाला जाळी तोंड देऊ शकते. वरून जमून एका जागी उतरणाऱ्या पाण्याला नाही देऊ शकत.

---

डोंगरकपार

वरच्या पाण्याबद्दल +१००. एका कामावर महागडी जाळी अंथरलेली पाहिली आहे, काम सफाईने केलेलं होतं, पण छपराचा पाइप माथ्यावरच सोडलेला. पहिल्या मोठ्या पावसात पाण्याने जाळीखालून वाट काढली. वरून बघितलं तर जाळी जागच्या जागी, आणि उचलून पाहिली तर खाली हात घालता येईल एवढा बोगदा. नुकसान दिसायलाही वेळ लागला.

---

रानवाट

मातीकाम, धन्यवाद. आजच नीट फिरून पाहिलं. माथ्यावर भेगा नाहीत, पायथ्याला फुगवटा नाही, भरावही बराच जुना आहे. पण वर फरशीचं अंगण आहे आणि त्याचा ढाळ सरळ उताराकडेच आहे. सगळ्यात खोल ओघळ बरोबर तिथेच सुरू होतात जिथे अंगणाचं पाणी कडेवरून उतरतं.

---

मातीकाम

मग निम्मं काम तिथेच आहे. कडेपासून थोडं मागे एक उथळ चर काढा आणि निघालेल्या मातीचा चराच्या खालच्या अंगाला बांध घाला. चराला अगदी हलका ढाळ ठेवून पाणी बाजूला, जिथे खाली दगड किंवा पक्की नाली आहे तिथे सोडा. चर उघडा ठेवू नका, त्यालाही आतून काथ्याची जाळी आणि गवत किंवा दगडांचं अस्तर हवं, नाहीतर चराचीच घळ होईल. हे झाल्याशिवाय उतारावर एक मेखही ठोकू नका.

---

तंतू

आता सामानाबद्दल लिहितो, माझा संबंध याच क्षेत्राशी आहे.

काथ्या. नारळाच्या सोडणापासून निघतो. वनस्पतिज तंतूंमध्ये लिग्निनचं प्रमाण याच्यात फार मोठं, ४० टक्क्यांच्या वर. लिग्निन कुजायला अवघड, म्हणून काथ्या टिकतो. उघड्यावर, मातीला लागून, साधारण २ ते ५ वर्षं. सतत ओलं आणि उबदार हवामान असेल, माती जिवाणूंनी भरलेली असेल तर खालच्या टोकाजवळ, कोरडं असेल तर वरच्या. ओला झाला तरी ताकद बरीचशी टिकून राहते. विणलेली काथ्याची जाळी दर चौरस मीटर वजनावर ओळखली जाते: ४००, ७०० आणि ९०० ग्रॅम या नेहमीच्या प्रती. ४०० ची जाळी विरळ, तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग मोकळा असतो. ७०० मध्ये जवळपास अर्धा मोकळा. ९०० दाट, उभ्या उतारासाठी आणि पाणी वाहतं अशा चरांसाठी.

ताग. यात लिग्निन १२ ते १४ टक्केच, म्हणून एक ते दोन वर्षांत मातीत मिसळून जातो. पण तागाची एक गोष्ट काथ्यात नाही. तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतो, सूत फुगतं, कापड मऊ पडतं आणि मातीच्या प्रत्येक उंचसखलपणाला जाऊन चिकटतं. जाड सुताची विरळ विणीची तागाची जाळी पाऊस पडल्यावर जवळून पाहा. उताराला आडवा जाणारा प्रत्येक धागा छोटा बंधारा होतो, त्याच्या वरच्या अंगाला बारीक मातीची रेघ साठलेली दिसते आणि गवताचे पहिले कोंब बहुतेक त्याच रेघेतून निघतात. ओलावा धरून ठेवण्यात ताग काथ्याच्या पुढे, म्हणून बी लवकर रुजतं.

पेंढा. दोन प्रकारे. सुटा पसरायचा, नाहीतर जाळीत शिवलेल्या चटया. सुट्या पेंढ्याचं प्रमाण हेक्टरी ४ ते ५ टन धरतात, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम अर्धा किलो. एवढ्याने जमीन बहुतेक झाकली जाते. मंद उतारावर हे पुष्कळ होतं. उभ्या उतारावर वाऱ्याने आणि पाण्याने निघून जातो, मग वरून जाळी किंवा दोरी लागते. आयुष्य काही महिने, चटई असेल तर फार तर वर्षभर.

लाकडाचा लोकर. लाकडाचे लांब कुरळे तंतू. ते एकमेकांत अडकतात म्हणून वाऱ्याला पेंढ्यापेक्षा चांगले टिकतात. वर्ष ते दोन वर्षं.

याशिवाय लाकडाचा लगदा पाण्यात कालवून, त्यात बी आणि चिकटा घालून पंपाने फवारतात. चिकटा म्हणून गवारीचा किंवा इसबगोलाचा डिंक चालतो, दोन्ही वनस्पतिज. मोठ्या रस्त्यांच्या कामाला हे सोयीचं, घरामागच्या उताराला यंत्र आणणं परवडत नाही.

निवडताना मी एकच विचारतो: इथे मुळं जम धरायला किती काळ लागेल? सुपीक ओलसर माती, मंद उतार, झपाट्याने वाढणारं गवत असेल तर ताग पुरतो. माती नापीक, उतार उभा, किंवा झुडपांवर भिस्त असेल तर काथ्या. कारण झुडपांना जम बसायला दोन-तीन हंगाम जातात आणि तोवर ताग संपलेला असतो.

---

नवखा_माळी

दोन शंका. (१) प्लास्टिकची जाळी जास्त टिकते, मग ती का नको? (२) घरी जुनी गोणपाटं पडलीत, ती उसवून अंथरली तर?

---

तंतू

(१) टिकणं हाच तिचा दोष. गवत एकदा धरलं की जाळीची गरज संपते. त्यानंतर प्लास्टिक फक्त अडकून बसतं. गवत कापायच्या यंत्रात गुंडाळतं, उन्हाने तुकडे होऊन मातीत मिसळतं आणि बारीक चौकोनांत साप, सरडे, पक्षी अडकून मरतात. सापांचं हे फार ठिकाणी नोंदलं गेलंय. डोकं आत जातं, खवल्यांमुळे मागे निघत नाही. म्हणून पेंढ्याच्या चटया घेतानाही उलटून बघा. आतला पेंढा नैसर्गिक आणि वरखाली शिवलेली जाळी प्लास्टिकची, असा माल सर्रास मिळतो. "उन्हात विघटन होणारी" असं लिहिलेलं असलं तरी गवताच्या सावलीत ती जाळी वर्षानुवर्षं तशीच राहते. जाळी ताग किंवा काथ्याची, आणि सांध्यावर धागे सरकणारी असावी, म्हणजे एखादा प्राणी शिरला तरी वाट काढून निघतो.

मात्र अतिउभ्या जागी किंवा कायम जोरात वाहणाऱ्या पाण्यात, जिथे झाडोरा एकटा पुरणारच नाही, तिथे कृत्रिम धाग्यांना जागा आहे. ते अभियंत्याने ठरवायचं काम आहे.

(२) गोणपाट चालेल, पण त्याची वीण दाट असते. थेंब अडतो, ओलावा राहतो, पण बारीक गवताचा कोंब सगळीकडून वर येऊ शकत नाही. गोणपाट वापरायचंच तर बी फेकण्याऐवजी जागोजागी चीर पाडून रोपं किंवा ठोंब लावा. आणि आधी त्यात काय भरलं होतं ते पाहा. रसायनांच्या, रंगाच्या गोण्या नकोत.

---

मातीकाम

आता अंथरण्याबद्दल. फसलेली जी कामं मी पाहिली, त्यात माल चांगला होता. गडबड बहुतेक वेळा एकाच गोष्टीत होती: जाळी आणि माती यांच्यात पोकळी राहिलेली. जाळी तंबूसारखी ताणून उभी असेल तर पाणी तिच्या खालून पळतं आणि वरून कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणून पहिलं काम उतार तयार करणं. ओघळ नुसते सुट्या मातीने भरू नका, कडा कापून रुंद करा आणि थराथराने दाबत भरा. ढेकळं, दगड, मुळांचे खुंट काढा. पण पृष्ठभाग थापीने गुळगुळीतही करू नका. दाताळं उताराला आडवं ओढून बारीक आडव्या रेघा ठेवल्या की पाणी क्षणभर थांबतं आणि बीही तिथे अडकतं.

मग माथ्यावर, कडेच्या थोडं मागे, उताराला आडवा चर खणा, साधारण ३० सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद. जाळीचं टोक चरात तळापर्यंत उतरवायचं, तळाशी मेखा ठोकायच्या, माती भरून पायाने घट्ट दाबायची आणि मग गुंडाळी माथ्यावरून खाली सोडायची. उतारावर पट्टे वरून खाली जातात, आडवे नाही. आडवे लावले तर प्रत्येक सांधा पाण्याला आत शिरायचं दार होतो. चरात किंवा नालीत अंथरताना पाणी ज्या दिशेने वाहतं त्याच दिशेने.

ताणू नका. गुंडाळी सैल सोडत खाली या आणि खाचखळग्यांत ती आपोआप बसू द्या. ताणलेली जाळी दोन उंचवट्यांमध्ये अधांतरी राहते. शेजारच्या पट्ट्यावर १० ते १५ सेंटिमीटर चढवा. वाऱ्याची नेहमीची दिशा माहीत असेल तर सांध्याची उघडी कड तिच्याकडे नको. पट्टा मध्येच संपला तर वरचा पट्टा खालच्यावर यायला हवा, कौलांसारखा. इथे उलट झालं तर पाणी थेट जाळीखाली जातं.

मेखा: घट्ट मातीत १५ ते २० सेंटिमीटर लांबीच्या पुरतात, सैल किंवा वाळूमिश्रित मातीत ३० सेंटिमीटर घ्या. यू आकाराच्या तारेच्या पिना लवकर ठोकल्या जातात. लाकडी किंवा बांबूच्या खुंट्या जाळीबरोबरच कुजतात, म्हणून मला त्या जास्त पसंत. बांबू घेतलात तर वरच्या टोकाला खाच हवी, नाहीतर जाळी सुटते. साध्या उतारावर चौरस मीटरला २ ते ३, उभ्यावर ४ किंवा जास्त. सांध्यांवर आणि प्रत्येक खळग्यात वेगळ्या. हा आकडा पाळण्यापेक्षा हात फिरवून बघणं महत्त्वाचं: तळहात जाळीखाली सहज सरकत असेल तिथे अजून एक मेख.

पायथ्यालाही टोक चरात पुरा, लोंबतं ठेवू नका.

---

डोंगरकपार

यात एक भर. जाळी अंथरताना आणि नंतरही उतारावर चालणं टाळा. टाचेने जाळी ओढली जाते आणि मेखा ढिल्या होतात. शिडी उतारावर आडवी निजवून तिच्यावरून काम करा, वजन पसरतं.

---

गवतफूल

सगळे जाळीबद्दल बोलताहेत, मी मुळांबद्दल लिहिते. कारण दोन-तीन वर्षांनी तिथे जाळी नसेलच, असतील ती मुळं.

बी आधी की नंतर: चटई असेल (पेंढा, लाकडाचा लोकर) तर सगळं बी आधी, कारण नंतर टाकलेलं वरच अडकून राहतं आणि मातीला लागतच नाही. विरळ विणीची जाळी असेल तर निम्मं आधी, निम्मं अंथरल्यावर. मग वरून चाळलेली माती किंवा कंपोस्ट भुरभुरवा, भोकं भरतील एवढंच. जाळीचा धागा दिसत राहिला पाहिजे.

एकाच गवतावर विसंबू नका. लवकर उगवणारं एखादं वार्षिक गवत पहिल्या महिन्यांत जमीन झाकतं, पण मरूनही लवकर जातं. बहुवर्षायू गवत हळू येतं आणि राहतं. द्विदल कुळातलं काहीतरी घाला, मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळतं आणि भरावाच्या नापीक मातीला त्याची गरज असते. शक्य तेवढ्या तुमच्या भागातल्या जाती घ्या. वेगाने पसरणारी परकी जात उतार वाचवेल आणि शेजारचं रान खाऊन टाकेल.

आणि वाळा. याची मुळं जवळजवळ सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत ३ ते ४ मीटरपर्यंत. मुळांची ताणशक्ती मोजली गेलीय, सरासरी ७५ मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे साध्या पोलादाच्या साधारण एक षष्ठांश. केसासारख्या मुळासाठी हे फार आहे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेत काम करणारे जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी वाळ्याच्या दाट ओळींनी माती अडवण्याची पद्धत पुढे आणली आणि ती पुढे उष्ण प्रदेशांतल्या अनेक देशांत पसरली. ठोंब १० ते १५ सेंटिमीटर अंतराने, समपातळीच्या रेषेत लावायचे, उभ्या उंचीत दर १ ते २ मीटरला एक ओळ. ओळ भरली की पाणी त्यातून गाळून जातं, माती मागे राहते आणि हळूहळू छोटी पायरी तयार होते. बी न धरणाऱ्या वाणाचे ठोंब घ्या, म्हणजे तो पसरत नाही. सावली मात्र त्याला सोसत नाही.

मोठी झाडं उतारावर मधोमध नकोत. वाऱ्याने हलली की बुंध्याजवळची माती सैल करतात आणि दाट सावलीत खालचं गवत मरतं. झुडपं चालतील, ती पायथ्याला आणि खालच्या भागात जास्त.

---

सह्यकडा

वाळा एवढा दणकट आहे तर जाळीचा खर्च कशाला? नुसता वाळा लावावा. आणि पेंढा, ताग कुजताना मातीतलं नत्र खातात असं ऐकलं, म्हणजे गवताला उलट त्रासच ना?

---

गवतफूल

वाळ्याची ओळ भरायला एक हंगाम तरी लागतो. तोवर दोन ओळींमधली माती उघडीच असते आणि सगळ्यात जास्त धूप त्याच काळात होते. जाळी त्या मधल्या काळासाठी. उतार मंद असेल आणि पाऊस सौम्य असेल तर जाळीऐवजी सुट्या पेंढ्यावर भागेल, हे मान्य.

नत्राचं अर्धं बरोबर आहे. पेंढ्यात कार्बन खूप आणि नत्र कमी, साधारण ८० ला १. तो मातीत मिसळला तर कुजवणारे जिवाणू आजूबाजूचं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. वर पसरलेला असेल तर हा परिणाम पृष्ठभागापुरता राहतो, मुळांच्या थराला जवळजवळ लागत नाही. म्हणून खणून आत गाडू नका, वरच ठेवा. माती फारच नापीक असेल तर पेरणीच्या वेळी कंपोस्ट द्या.

---

मातीकाम

एक चाचणी राहिलीच, प्रत्येकाने करावी अशी. उतारावरचं हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात, पावसाच्या किंवा शुद्ध पाण्यात, अलगद सोडा. हलवू नका. काही तासांनी बघा. ढेकूळ नुसतं फुटून तळाशी ढीग झाला आणि पाणी स्वच्छ असेल तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखं धुकं पसरलं तर माती विखुरणारी आहे, तिच्यात सहसा सोडियम जास्त असतं. अशी माती जाळीखालीही आतून पोखरत जाते, बोगदे पडतात. तिथे आधी मातीपरीक्षण, जिप्सम, वर चांगल्या मातीचा थर, आणि मग जाळी.

---

रानवाट

ढेकळाची चाचणी केली. फुटून खाली बसलं, पाणी स्वच्छ. हुश्श!

आता गणित. उतारावर ४०० घ्यावी की ७००? आणि किती लागेल? मी १२ गुणिले ९ मीटर धरून १०८ चौरस मीटर काढलंय.

---

मातीकाम

लांबी बरोबर काढलीत. उंची ४, आडवं ८, तिरकं ८.९४ मीटर. पण मागवताना १०८ धरू नका. गुंडाळी २ मीटर रुंद मिळाली आणि १५ सेंटिमीटर चढवलं तर प्रत्येक पट्टा प्रत्यक्षात १.८५ मीटरच झाकतो. सहा पट्ट्यांत १२ मीटर भरत नाहीत, सात लागतील. प्रत्येकाला माथ्याच्या आणि पायथ्याच्या चरासाठी मिळून दीड मीटर जास्त, म्हणजे साडेदहा मीटर. ७ × १०.५ × २ = १४७ चौरस मीटर. कागदावरच्या क्षेत्रफळापेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. अर्धवट आणलेला माल ताणून पुरवायला जातात आणि तिथेच पोकळी राहते.

१:२ च्या भागाला ४०० पुरेल. मध्ये झुडपं लावणार असाल आणि माती नापीक असेल तर सगळीकडे ७०० घ्या, मी तेच करीन.

सलग ९ मीटर लांबी मात्र मध्ये तोडा. जमिनीच्या धुपीचं गणित मांडणारं जे सूत्र विशमायर आणि स्मिथ यांनी दिलं, त्यात ५ टक्क्यांहून जास्त उतारावर दर चौरस मीटरची धूप लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. लांबी दुप्पट झाली की प्रत्येक चौरस मीटरमधून १.४ पट माती जाते. पाणी वेग घेईपर्यंत त्याला पळू न देणं एवढाच अर्थ. त्यासाठी काथ्याचे किंवा पेंढ्याचे लांब गोल लोड मिळतात, २० ते ३० सेंटिमीटर व्यासाचे. तुमच्या उताराला ३ मीटरच्या अंतराने दोन ओळी येतील. समपातळीत उथळ खाच काढून लोडाचा साधारण तिसरा हिस्सा आत बसवा, खालून माती वाहणार नाही इतका घट्ट, आणि आरपार खुंट्या ठोका. दोन लोडांची टोकं एकमेकांना भिडवून ठेवा. ओळीची शेवटची टोकं जरा वर वळवा, नाहीतर अडलेलं पाणी कडेने निसटून तिथेच नवा ओघळ पाडतं. समपातळी डोळ्याने ठरवू नका, पारदर्शक नळीत पाणी भरून आखा.

उभ्या कोपऱ्याचा चढ किती आहे ते मोजून सांगा. त्याशिवाय बोलता येणार नाही.

---

रानवाट

मोजला. उभं १, आडवं जेमतेम १. उंची तिथे अडीच मीटर.

---

मातीकाम

म्हणजे ४५ अंश. भरावाच्या सुट्या मातीला हा कोन दीर्घकाळ पेलवत नाही. नुसत्या कोरड्या वाळूचा नैसर्गिक कोन ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान असतो, चिकणमातीच्या जोरावर आत्ता ते उभं आहे. जागा असेल तर तो कोपरा छाटून बाकीच्या उतारात मिळवा. जागा नसेल तर पायथ्याला दगडांची सुकी भिंत किंवा तारेच्या पेटीतले दगड घालून वरचा चढ कमी करा, मागे पाण्याला निचरा ठेवा आणि हा तुकडा जाणकाराकडून तपासून घ्या. वर ९०० ची जाळी आणि वाळा. जाळी त्या कोपऱ्यात पृष्ठभाग सांभाळेल, कोपरा उभा ठेवायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका.

---

तंतू

माल आणल्यावर गुंडाळ्या उघड्यावर, ओल्या जमिनीवर ठेवू नका. काथ्या-ताग गुंडाळीतच कुजायला लागतात. फळीवर, छपराखाली, हवा लागेल अशा ठेवा.

---

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा ठरवलाय: आधी माथ्याचा चर आणि बांध, मग कोपरा छाटणे, ओघळ भरणे, निम्मं बी, ७०० ची जाळी, लोड, उरलेलं बी, शेवटी वाळा. काही चुकतंय का?

---

गवतफूल

क्रम बरोबर, फक्त वाळ्याची तयारी शेवटी नको. सुट्या मुळांचे ठोंब उतारावर लावले की मर खूप होते. आत्ताच पिशव्यांत लावून ठेवा, दोन-तीन महिन्यांत मुळं धरतात. मग जाळीचे धागे कापण्याऐवजी बाजूला सारून त्या जागी लावायचे.

---

मातीकाम

आणि लोड जाळीच्या वर बसवा, खाली नाही. जाळीखाली लोड आला की त्याच्या दोन्ही अंगांना पोकळी राहते. पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा छत्री घेऊन बाहेर जा आणि पाणी कुठून शिरतंय ते चालू पावसातच बघा. दुसऱ्या दिवशी बघितलं तर वाट दिसत नाही, फक्त खड्डा दिसतो. फोटो इथे टाका, काय दुरुस्त करायचं ते सांगतो.